गेम टाकला, पण सुरूच होत नाही!
कॉम्प्युटर 'फॉरमॅट' करण्याआधी घरच्या घरी काय पाहावे?

कर्जत-खालापूर भागातील आपल्या बऱ्याच घरांत आता कॉम्प्युटर आला आहे. कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना संच घेऊन तो कर्जत लोकलने घरी आणला, कोणाला खोपोली-रसायनीकडच्या कारखान्याच्या ऑफिसातून काढलेला संच स्वस्तात मिळाला, तर कोणी हप्त्याने लॅपटॉप घेतला. घेताना सर्वांचे कारण एकच असते, मुलांचा अभ्यास. पण मुले ती मुलेच. संच घरी येऊन आठवडा होत नाही तोच त्यावर गेम येतो.

आणि पहिली तक्रारही बहुधा गेमचीच असते. गेम टाकायला तास-दीड तास जातो. 'काम पूर्ण झाले' असा संदेश येतो. मूल आनंदाने त्या चित्रावर दोनदा क्लिक करते, क्षणभर गोल चक्र फिरते आणि पुढे काहीच होत नाही. मग वडील ओरडतात, "एवढ्या पैशांचा कॉम्प्युटर बिघडवून ठेवलास!" दुसऱ्या दिवशी संच पिशवीत घालून दुकानात जातो. तिथे पुष्कळदा ठरलेले उत्तर मिळते, "विंडोज उडाली आहे, फॉरमॅट करावा लागेल." एका दिवसाची हजेरी तिथे खर्ची पडते. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेली जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती, बारावीच्या मुलीचा प्रकल्प हे सारे पुसले जाते. इतके करून घरी आल्यावर गेम पुन्हा सुरू होत नाही तो नाहीच!

पालकांना माझे सांगणे एवढेच आहे की, गेम सुरू न होणे म्हणजे कॉम्प्युटर बिघडणे नव्हे. त्याला कारण असते, ते बहुतेक वेळा साधे असते आणि क्रमाने पाहत गेल्यास घरच्या घरी सापडते. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

टाकणे वेगळे, सुरू होणे वेगळे

रेशनकार्डात नाव चढले म्हणून धान्य लगेच पिशवीत पडत नाही. दुकान उघडे लागते, माल आलेला लागतो, मशीनवर अंगठा जुळावा लागतो. गेमचेही तसेच आहे. इन्स्टॉल होणे म्हणजे गेमच्या फाइली डिस्कवर उतरणे, म्हणजे यादीत नाव चढणे. सुरू होताना मात्र गेम प्रोसेसर, मेमरी, चित्र दाखवणारे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोजमधल्या मदतनीस फाइली या सर्वांना हाक मारतो. त्यांपैकी एकानेही ओ दिली नाही की गेम जागच्या जागी थांबतो. आपल्याला शोधायचे ते इतकेच की, ओ दिली नाही ती कोणी?

आधी वाचा, मग क्लिक करा

पुष्कळदा पडद्यावर एक लहानशी चौकट येते. इंग्रजी मजकूर पाहून मुले घाईघाईने 'ओके' दाबतात आणि हातात आलेला पुरावा निघून जातो. घरात एक वही ठेवावी. चौकटीतला मजकूर अक्षर न अक्षर त्यात उतरवून घ्यावा किंवा मोबाइलवर फोटो काढावा. इंग्रजी कळत नसले तरी चालेल, दहावीतले मूल शब्दकोश घेऊन त्याचा अर्थ लावील.

चौकटच आली नाही, तरीही विंडोज स्वतःच्या दप्तरात नोंद करून ठेवते. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' हा शब्द टाइप करावा. दिवसवार तक्ता उघडतो. ज्या दिवशी गेम पडला त्या दिवशी लाल फुली दिसते. तिच्यावर क्लिक केले की कोणत्या फाइलपाशी घोडे अडले, तिचे नाव मिळते. कार्यालयात आवक-जावक रजिस्टर पाहिल्याशिवाय आम्ही एखादा कागद हरवला असे म्हणत नाही. इथेही तोच नियम लावावा.

आणखी एक सोपी गोष्ट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. चालू असलेल्या कामांची यादी येते. सुरू होत नाही म्हणून मुलाने दहा वेळा क्लिक केलेले असेल, तर गेम अर्धवट चालू होऊन त्या यादीत अडकलेला सापडतो. तिथून तो बंद करावा, संच एकदा पूर्ण बंद करून पुन्हा लावावा आणि मगच प्रयत्न करावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो संचाच्या ताकदीचा. 'जीटीए सॅन अँड्रियास' हा गेम २००५ साली कॉम्प्युटरसाठी आला. त्याला २५६ एमबी मेमरी आणि ३.६ जीबी जागा पुरत होती. त्याच मालिकेतला 'जीटीए ५' २०१५ साली आला. त्याला किमान ४ जीबी मेमरी, ६५ जीबी जागा आणि ६४ बिटची विंडोज लागली. दहा वर्षांत भूक इतकी वाढली! (हे दोन्ही गेम प्रौढांसाठीचे आहेत. पाकिटावर वयाची खूण छापलेली असते, ती पालकांनी अवश्य पाहावी.)

आपला संच काय पेलतो हे पाहायला पैसे पडत नाहीत. स्टार्टमध्ये डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. प्रोसेसरचे नाव, मेमरी आणि विंडोजची आवृत्ती पहिल्याच पानावर दिसते, तर ग्राफिक्सची माहिती 'डिस्प्ले' या पानावर असते. ती वहीत लिहावी. गेमच्या पाकिटावर किंवा विक्रीच्या पानावर 'किमान आवश्यकता' दिलेली असते, ती तिच्या शेजारी लिहून दोन्ही ताडून पाहावे.

कार्यालयातून निघालेल्या जुन्या संचांत तीन अडचणी नेहमी आढळतात. पहिली, विंडोज ३२ बिटची असते. ६४ बिटचा गेम तिच्यावर चालणारच नाही. दुसरी, प्रोसेसर फार जुना असतो. २०११ पासूनच्या प्रोसेसरांत 'एव्हीएक्स' नावाची आकडेमोडीची एक नवी सोय येऊ लागली आणि पुढचे काही गेम तिच्यावाचून चालत नाहीत. 'कोअर टू डुओ'सारख्या त्याआधीच्या प्रोसेसरवर असा गेम काही न सांगता बंद पडतो. तिसरी, विंडोज जुनी असते. गेम विकणाऱ्या 'स्टीम' या सेवेने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ यांना आधार देणे बंद केले. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

नव्या संचालाही आपली पथ्ये आहेत. 'व्हॅलोरंट' हा गेम विंडोज ११ वर 'टीपीएम' आणि 'सिक्युअर बूट' या दोन सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. त्या चालू करण्याची जागा विंडोजच्या बाहेर, संचाच्या मूळ मांडणीत असते. ते काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे. तिथे चुकीचा हात लागला तर विंडोजही उघडत नाही.

संच पेलत नसेल तर मुलाला तसे स्पष्ट सांगावे. त्यात मुलाचा दोष नाही आणि बापाच्या ऐपतीची लाज वाटण्याचेही कारण नाही. जुना संच जुने आणि हलके गेम उत्तम चालवतो. 'सुपरटक्सकार्ट'सारखे गाड्यांच्या शर्यतीचे गेम तर विनामूल्य आणि कायदेशीर मिळतात.

वीज गेली, फाइल अर्धी राहिली

खोपोलीत १९१५ साली आणि भिवपुरीत १९२२ साली पाण्यापासून वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. आज वीज वाडीवाडीत आहे, पण घाटाखालचा पाऊस सुरू झाला की दिवे लुकलुकतात. गेम उतरत असताना किंवा बसत असताना वीज गेली तर एखादी फाइल अर्धवट राहते. गेमचे चित्र पडद्यावर दिसते, पण आत फाइल तुटलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. 'स्टीम'वरून घेतलेल्या गेमच्या नावावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' येथे जावे. तिथे फाइली तपासण्याची सोय आहे. 'एपिक'मध्येही गेमच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून 'मॅनेज'मध्ये ती मिळते. तुटलेल्या तेवढ्याच फाइली पुन्हा उतरतात, सगळा गेम नव्याने उतरवण्याचा डेटा वाचतो. सीडी किंवा पेनड्राइव्हवरून टाकलेला गेम असेल तर तो काढून पुन्हा टाकावा. डिस्कमध्ये पुरेशी जागा मोकळी आहे का, हेही पाहावे. दाबून भरलेला गेम उलगडताना स्वतःच्या आकाराहून जास्त जागा मागतो. पावसाळ्यात शक्य असेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच गेम टाकावा.

मदतनीस फाइली

'अमुक डीएलएल सापडत नाही' हा संदेश सर्वांत नेहमीचा. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमना मिळून वापरता येणारी मदतनीस फाइल. गावच्या जेवणावळीत मोठी पातेली प्रत्येक घर विकत घेत नाही, समाजमंदिरातली आणतो, तसे हे आहे. पातेले जागेवर नसेल तर स्वयंपाक अडतो.

फाइलीच्या नावाची सुरुवात 'एमएसव्हीसीपी' किंवा 'व्हीसीरनटाइम' अशी असेल, तर मायक्रोसॉफ्टचा 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' हा संच टाकावा लागतो. ६४ बिटच्या कॉम्प्युटरवरही त्याचे ३२ आणि ६४ बिटचे दोन्ही प्रकार टाकावेत, कारण पुष्कळ गेम ३२ बिटचेच आहेत. नाव 'डी-थ्री-डी-एक्स-नाइन' असे सुरू होत असेल, तर 'डायरेक्टएक्स'ची जून २०१० ची जुनी भर टाकावी लागते. विंडोज नवी असली तरी ही जुनी भर तिच्यासोबत येत नाही. शेवटी '७बी' असलेला लांबलचक आकडा दिसला तर ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ झाल्याची शक्यता मोठी असते. तेव्हा हेच संच काढून पुन्हा टाकावेत.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. हे संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ठिकाणाहून फुकट मिळतात. 'सुटी डीएलएल फाइल इथून घ्या' असे सांगणाऱ्या ठिकाणांच्या नादी लागू नये. त्या फाइलीबरोबर काय घरात येईल याचा भरवसा नाही.

फॉरमॅटनंतरचा नवा आजार

ग्राफिक्स कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. दुकानात घाईने फॉरमॅट केल्यावर तो टाकायचा राहून जातो. पडदा दिसतो, टायपिंग होते, सिनेमाही कसाबसा चालतो, पण गेम सुरू होत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले ॲडॉप्टर' उघडून पाहावे. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असे लिहिले असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे. कार्ड इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी ज्यांचे असेल त्यांच्याच ठिकाणाहून तो उतरवावा. म्हणजे ज्या फॉरमॅटला आपण औषध समजतो, त्यातूनच हा आजार येऊ शकतो.

नाव मराठीत लिहिले म्हणून?

हे कारण दुकानदारालाही चटकन सुचत नाही. विंडोज सुरू करताना पुष्कळ मुले हौसेने आपले नाव देवनागरीत लिहितात. विंडोजला त्याची अडचण नाही. जगातल्या लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्येही आली. परंतु त्या नावाने जे फोल्डर तयार होते, त्यातच पुष्कळ गेम आपल्या नोंदी ठेवतात. केवळ रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिलेल्या काही गेमांना देवनागरी फोल्डर वाचताच येत नाही आणि ते मुकाट्याने बंद पडतात.

नुसते खात्याचे नाव बदलून उपयोग होत नाही, कारण फोल्डरचे नाव तेच राहते. रोमन अक्षरांत नाव देऊन दुसरे खाते उघडावे आणि गेम तिथे चालवून पाहावा. गेम चालला तर कारण सापडले. मुलाला हेही सांगावे की, चूक त्याच्या लिपीची नाही. ज्याने गेम लिहिताना सारे जग रोमन अक्षरांतच लिहिते असे धरले, त्याची ती चूक आहे.

जुन्या सीडीतले गेम

कोणाकडे पूर्वीच्या सीडी जपून ठेवलेल्या असतात. त्यातले गेम हल्लीच्या संचावर चालत नाहीत, त्याची कारणे वेगळी आहेत. नक्कल होऊ नये म्हणून पूर्वी सीडीत 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणासाठी ते कुलूप स्वीकारणेच थांबवले. त्यामुळे सीडी अस्सल असूनही गेम उघडत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारखे डॉसच्या काळातले १६ बिटचे गेम तर ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाहीत. त्यांच्यासाठी 'डॉसबॉक्स' हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे, तो जुन्या संचाचे सोंग घेऊन गेम चालवतो. मधल्या काळातल्या गेमसाठी त्याच्या चित्रावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' येथे जुनी विंडोज निवडून पाहावी.

फुकटचा गेम महाग पडतो

पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारे कुलूप तोडलेले गेम बरेचदा सुरू होत नाहीत, कारण अँटिव्हायरस त्यातली मुख्य फाइल उचलून बाजूला ठेवतो. मग मित्र सल्ला देतात, "अँटिव्हायरस बंद कर." हा सल्ला मानू नये. कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवले आहे, हे कोणालाच माहीत नसते. त्याच संचावर आईचे बँक खाते आणि आधारची प्रत असते. अँटिव्हायरसने काय उचलले ते 'विंडोज सिक्युरिटी'त 'प्रोटेक्शन हिस्टरी' येथे दिसते. अस्सल गेमच्या बाबतीत असे झाले, तर तेवढी फाइल परत घेता येते.

याहून मोठा धोका फोनवरचा आहे. "गेम चालू करून देतो, हे ॲप टाका आणि त्यावर आलेला नंबर सांगा," असे कोणी म्हणाल्यास संचाचा ताबा त्याच्या हाती जातो. ओटीपी कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

विकत घेतलेला गेम संचावर चालत नसेल तर पैसे परत मिळू शकतात. 'स्टीम'वर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परतावा मागता येतो.

दुकानात जावेच लागले तर

एवढे करूनही काम झाले नाही तर दुकानात जरूर जावे, पण वही घेऊन जावे. काय संदेश आला, काय काय करून पाहिले, हे सांगितले की दुकानदारही नेमके बोलतो. फॉरमॅट करायचाच ठरला तर आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधली सर्व कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. या दोन्ही जागा सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅटमध्ये प्रथम त्याच जातात. पैसे दिल्याची पावती मागावी. जुना संच विकत घेताना तर 'गेम चालतो' या तोंडी आश्वासनावर न राहता प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे पावतीवर लिहून घ्यावीत. पावती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते आणि पुढे अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचे शुल्क नाही.

शेवटी एक विनंती

"गेमसाठी कशाला एवढा खटाटोप?" असे काही पालक विचारतील. मूल खेळते किती आणि अभ्यास करते किती, यावर लक्ष ठेवायलाच हवे. पण बंद पडलेला गेम स्वतः शोध घेऊन सुरू करणारे मूल त्या तासाभरात संदेश वाचायला, संचाची कुंडली काढायला, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहायला शिकते. उद्या ऑनलाइन अर्ज अडकला, प्रिंटर रुसला, नोकरीच्या ठिकाणी संच थांबला, तर तेच मूल घाबरणार नाही. आणि ही संधी फक्त मुलाला देऊ नये. भाऊ माऊस धरून बसला आहे आणि बहीण मागे उभी राहून पाहते आहे, हे चित्र आपल्या घरांतून गेले पाहिजे.

आपल्या वाडीत एखादा तरुण किंवा तरुणी हे काम जाणत असेल, तर रविवारी एक तास समाजमंदिरात बसावे. ज्याचा संच अडला असेल त्याने वही घेऊन यावे. आठ-दहा वह्या एकत्र आल्या की दिसेल, बहुतेकांची तक्रार तीच असते आणि ती सुटलेलीही कोणाच्या तरी वहीत सापडते.